जुन्या मित्राच्या वाढदिवसाची पोस्ट कशी लिहावी: तारीख तपासण्यापासून टॅग करण्यापर्यंत

जुन्या दोस्ताचा वाढदिवस असतो. सकाळी फेसबुक आठवण करून देतं. आपण घाईघाईत गॅलरी उघडतो, दोघांचा मिळेल तो फोटो लावतो, ‘मैत्री म्हणजे काय असतं’ छापाच्या चार ओळी टाकतो आणि मोकळे होतो. संध्याकाळपर्यंत लाईकचा ढीग पडतो, पण ज्याचा वाढदिवस त्याच्याकडून हात जोडलेला एक इमोजी येतो, बस. त्याचंही चुकत नाही. त्या पोस्टमधलं त्याचं नाव काढून दुसऱ्या कुणाचंही घातलं तरी तिचं काहीच बिघडत नाही, हे त्याला एका नजरेत कळलेलं असतं.

हा लेख तीस-चाळीस वर्षं टिकलेल्या मैत्रीसाठी आहे. ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ एवढं लिहिलं तरी पुरतं, त्यात काही गैर नाही. जुन्या मित्रासाठी मात्र थोडी तयारी लागते. एकूण काम तासाभराचंच आहे. फक्त ते आठवडाभर आधी सुरू करायचं, त्या दिवशी चहा उकळेपर्यंत उरकायचं नाही. पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नका. बहुतेक चुका क्रम उलटा केल्यानं होतात: आधी फोटो, मग मजकूर, मग पोस्ट, आणि फोन राहूनच जातो.

पायरी १: तारीख खरी आहे का बघा

फेसबुकवरची तारीख म्हणजे जन्मतारीखच असं समजू नका. महाराष्ट्रात १ जूनला मित्रयादीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस का येतो, हे खेड्यात शिकलेल्या माणसाला सांगायला नको. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख आठवत नसे. जूनमध्ये शाळा सुरू होताना मुलाचं वय भरलेलं दिसायला हवं, म्हणून गुरुजी १ जून टाकून द्यायचे. तीच तारीख पुढे दाखल्यावर, तिथून आधारवर आणि तिथून फेसबुकवर गेली. असा मित्र सरकारी नोकरीत असेल तर आणखी एक गंमत होते. महिन्याच्या एक तारखेला जन्म असलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे ३१ मेला निरोप समारंभाचा हार आणि दुसऱ्या दिवशी वाढदिवसाचे मेसेज. त्याचा खरा दिवस कदाचित ‘नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी’ एवढाच घरात माहीत असतो, आणि तो तुम्हालाही माहीत असेल तर तुमची शुभेच्छा गर्दीत हरवणार नाही. १ जूनला गप्प बसा, खऱ्या दिवशी लिहा.

तिथीनं वाढदिवस करणारी घरं अजून बरीच आहेत. तिथी दरवर्षी इंग्रजी कॅलेंडरवर पुढेमागे सरकते आणि साधारण एकोणीस वर्षांनी जन्मतारखेच्या आसपास परत येते. म्हणून १९, ३८, ५७ आणि ७६ पूर्ण होताना तारीख आणि तिथी बहुधा जोडीनं येतात, फरक पडला तर एखाद्या दिवसाचा. इतर वर्षी मित्र कोणता दिवस मानतो ते विचारून घ्या. २९ फेब्रुवारीचा जन्म असेल तर २८ ला की १ मार्चला, हेही त्यालाच विचारा. आपल्या मनानं ठरवू नका.

मग आकडा मोजा. साठावा वाढदिवस म्हणजे साठ वर्षं पूर्ण होऊन एकसष्टावं लागतं. ‘साठीत पदार्पण’ लिहायचं की ‘साठ पूर्ण’, यावर ग्रुपमध्ये दिवसभर वाद चालतो आणि शुभेच्छा बाजूला पडतात. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेबही असाच: एक हजार पौर्णिमा व्हायला सुमारे ८० वर्षं आणि १० महिने लागतात. तेव्हा ऐंशीव्या वाढदिवशी ‘सहस्रचंद्रदर्शनाच्या शुभेच्छा’ लिहिल्या तर त्या काही महिने आधीच पोचतात.

*तपासा:* बऱ्याच दिवसांत संपर्क नसेल तर आधी एखाद्या सामाईक मित्राला विचारा, तो बरा आहे ना. माणूस गेल्यावरही घरच्यांनी फेसबुकला कळवलं नसेल तर वाढदिवसाची आठवण दरवर्षी येत राहते, आणि लोक त्या भिंतीवर ‘उदंड आयुष्य लाभो’ लिहून जातात. घरच्यांना ते वाचावं लागतं.

पायरी २: जाहीर लिहायचं की खासगी, ते ठरवा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. सगळ्यांना चारचौघांत कौतुक आवडत नाही. मित्रानं फेसबुकवर जन्मतारीखच लपवून ठेवली असेल तर त्याचा अर्थ सरळ आहे. ती तुम्ही उघड करायची नाही.

खालीलपैकी एखादी गोष्ट असेल तर जाहीर पोस्ट नको, खासगी मेसेज किंवा फोनच करा:

- त्याच्या घरात वर्षभरात कुणी गेलं आहे. सण न करणाऱ्या घरात केकचा फोटो टाकून शुभेच्छा दिलेल्या बऱ्या दिसत नाहीत.
- तो आजारी आहे आणि त्यानं ते सगळ्यांना सांगितलेलं नाही. ‘लवकर बरा हो’ या तीन शब्दांनी बातमी फुटते.
- नोकरी गेली आहे, घरात वाद चालू आहे किंवा कोर्टात काही प्रकरण आहे.
- तो निवडणुकीला उभा आहे. तुमची शुभेच्छा मग पाठिंबा म्हणून वाचली जाते, कमेंटमध्ये दोन्ही बाजूंचे लोक भांडतात.

बाईनं पुरुषमित्रासाठी किंवा पुरुषानं मैत्रिणीसाठी लिहिताना आणखी एक प्रश्न येतो. तुमची मैत्री तुम्हा दोघांना आणि जवळच्यांना ठाऊक असते, गावाला आणि सासरच्या सगळ्या गोतावळ्याला असतेच असं नाही. हे असं असू नये, कबूल. पण आहे, आणि कमेंटचा त्रास तुम्हाला होत नाही, तिला होतो. म्हणून सरळ विचारा, “वाढदिवसाला फेसबुकवर लिहिलं तर चालेल का, की मेसेजच करू?” ती काय ते सांगेल.

जागांचा फरकही ध्यानात घ्या. व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत जातं, आणि एकमेकांचे नंबर सेव्ह असतील तरच दिसतं. मित्रानं नंबर बदलला असेल तर तुमचं सुंदर स्टेटस त्याला सोडून सगळे बघतील. शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर लिहिलेलं पंधरा मिनिटांत केकच्या जीआयएफखाली गाडलं जातं. फेसबुकची पोस्ट मात्र टिकते आणि पुढच्या वर्षी आठवण म्हणून परत वर येते. माझं मत विचाराल तर लांब मजकूर फेसबुकवर, ग्रुपवर दोन ओळी, आणि स्टेटस हौस असेल तरच.

पायरी ३: एकच प्रसंग शोधा

सगळी पोस्ट यावर उभी राहते, म्हणून इथे वेळ द्या. बसून ‘तो कसा माणूस आहे’ असा विचार केलात की विशेषणं येतात: दिलदार, मनमिळाऊ, हसतमुख. विशेषणं कुणालाही लागतात. त्याऐवजी कागद घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं लिहा. फोनवर लिहू नका, फोनवर आपण लगेच पोस्ट लिहायला लागतो.

- पहिल्यांदा तो नजरेत कधी भरला? कुठल्या बाकावर, कुठल्या मैदानात, कुठल्या रांगेत?
- त्याची कुठली सवय चाळीस वर्षांत बदललेली नाही?
- तुमच्या घरातलं कोण त्याची अजून चौकशी करतं, आणि कशावरून?
- त्यानं तुमच्यासाठी केलेलं आणि तो स्वतः विसरून गेला असेल असं काय?
- तुम्ही दोघं कशावरून भांडला होतात, आणि आधी कोण बोललं?

पाचांपैकी दोनच प्रश्नांना चांगली उत्तरं मिळतील. मिळालेल्यातलं एक निवडा. बहुतेक लोक इथे सगळंच घालतात: शाळा, कॉलेज, लग्न, मुलांची बारशी, गोव्याची ट्रिप. पोस्ट मग चरित्र होते आणि तिसऱ्या परिच्छेदाला वाचणारा निघून जातो. उरलेले प्रसंग वहीत राहू द्या, पुढची काही वर्षं कामाला येतील.

प्रसंग निवडताना मोठा कशाला शोधायचा? दवाखान्यात रात्रभर बसणं, अडचणीत धावून येणं हे खरं असलं तरी सगळ्या पोस्टमध्ये तेच असतं. एसटीत जागा धरणं, डब्यातली चटणी, सायकलचा पंक्चर काढणं, उत्तरपत्रिकेला पुरवणी बांधायला दोरा देणं, अशा बारीक गोष्टींत माणूस जास्त दिसतो.

*तपासा:* निवडलेला प्रसंग तेव्हा हजर असलेल्या तिसऱ्या मित्राला विचारून घ्या. साल, गाव, कोण कोण होतं, यात आपली आठवण हमखास घसरते. कमेंटमध्ये ‘तो सुरेश नव्हता, मी होतो’ असं आलं की सगळीच मजा जाते.

*इशारा:* पैशाचा प्रसंग जाहीर लिहू नका, कितीही कृतज्ञता असली तरी. ‘माझ्या धंद्याच्या पडत्या काळात यानं पतसंस्थेत माझ्यासाठी जामीनकीची सही केली’ असं चारशे लोकांसमोर लिहिलंत की महिन्याभरात त्याच्या दारात जामीन मागणारे आणखी चार जण उभे राहतात. आणि ती सही त्यानं बायकोला सांगितलेली असेलच असं नाही. हे त्याला फोनवर सांगा. तसंच नापास होणं, पहिलं प्रेम, पळून केलेलं लग्न, दारू, जातीवरून चालणारी तुमच्यातली थट्टा, यांतलं काहीही नको. दोघांत चालणारी थट्टा दोघांतच राहू द्या. त्याची सून, जावई आणि हाताखालचे लोक तीच पोस्ट वाचणार आहेत.

पायरी ४: फोटो

फोटो प्रसंगाला धरून निवडा. प्रसंग १९८५ चा आणि फोटो गेल्या दिवाळीतल्या हॉटेलातला, असं नको. त्या काळचा फोटो नसेल तर बिनफोटोची पोस्ट चालते, उलट मजकूर जास्त वाचला जातो.

जुना कागदी फोटो मोबाईलमध्ये घ्यायचा तर:

१. खिडकीजवळ घ्या, पण थेट उन्हात नको. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर मध्यभागी पांढरा डाग पडतो.
२. फोटो सपाट ठेवा आणि मोबाईल अगदी समांतर धरा. तिरका धरलात तर चेहरे एका बाजूला पसरतात.
३. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. मागचा कागद फाटून पानाला राहतो. वरचं प्लॅस्टिक हळूच उचला आणि जागेवरच टिपा. काचेला चिकटलेला फोटोही ओढायचा नाही, काचेवरूनच घ्यायचा.
४. कडा कापा, उजेड थोडा वाढवा आणि थांबा. चेहरे गुळगुळीत करणारे, काळ्या-पांढऱ्याला रंग भरणारे ॲप लावलेत की मित्राचा चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी होतो.

फोटो दुसऱ्या मित्राकडून मागवत असाल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की दाबला जातो, आणि दोन-तीन ग्रुप फिरून आला असेल तर माणूस ओळखू येत नाही.

मग फोटोतला प्रत्येक चेहरा बघा. त्यात कुणी आता हयात नसेल, कुणाचं लग्न मोडलेलं असेल आणि आधीचा जोडीदार शेजारी उभा असेल, कुणाशी मित्राचं बोलणं बंद असेल, तर फोटो बदला किंवा त्याला आधी दाखवा. शाळेच्या सहलीतल्या मुलींचे फोटो त्यांना न विचारता टाकू नका.

पायरी ५: मसुदा लिहा

आधी कसं लिहू नये ते बघू. उदाहरणातला मित्र काल्पनिक आहे, पोस्ट मात्र तुम्ही शंभरदा वाचलेली असेल:

“माझा जिवलग, भावापेक्षाही जवळचा, सुखदुःखात सदैव पाठीशी खंबीरपणे उभा राहणारा, दिलदार मनाचा राजा, उमदं व्यक्तिमत्त्व, सर्वांचे लाडके सुरेशभाऊ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी हार्दिक शुभेच्छा! आई तुळजाभवानी आपणास उदंड आयुष्य देवो हीच प्रार्थना. शुभेच्छुक: मित्रपरिवार.”

हा चौकातल्या फ्लेक्सचा मजकूर आहे. फ्लेक्सवर तो शोभतो, कारण तिथे वाचणाऱ्याला सिग्नल सुटेपर्यंतच वेळ असतो. पण चाळीस वर्षं ज्याला ‘सुऱ्या’ म्हटलं त्याला अचानक ‘आपणास’ म्हटलं की तो मागे वळून बघतो, कुणाला म्हणतोय म्हणून. ‘जिवलग’ने सुरुवात होते आणि ‘आपणास’ने शेवट, मधल्या मध्ये माणूस बदलला.

आता त्याच मित्रासाठी दुसरा मसुदा:

“सुऱ्या, १९८५ साली संध्याकाळच्या कराड-उंब्रज गाडीत तू खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरायचास. एकदा रुमाल नव्हता, तर पायातली चप्पल टाकलीस. आत जाऊन बघतो तर चप्पल एका आजीच्या मांडीवर, आणि आजी तुझ्याकडे बघतायत. तू काही न बोलता चप्पल उचललीस, उंब्रजपर्यंत उभा राहिलास आणि उतरताना त्यांचं बोचकंही खाली घेऊन दिलंस. परवा बँकेत हयातीच्या दाखल्याला गर्दी होती, तेव्हा मी पोचायच्या आत तू माझं टोकन घेऊन ठेवलं होतंस. अजून जागा धरतोयस. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा. रविवारी येतोय, घरी राहा.”

यात एकही विशेषण नाही, तरी सुरेश कसा आहे ते कळतं. रचना बघा: आधी जुना प्रसंग, मग त्याच सवयीचा आजचा पुरावा, मग शुभेच्छा, मग भेटीचं काहीतरी ठोस. हा क्रम बहुतेक मैत्रींना चालतो. आजचा पुरावा मात्र गाळू नका. तो नसेल तर पोस्ट नुसती जुन्या दिवसांची होते, आणि साठीतल्या माणसाला वाटतं की आपलं जे काही चांगलं होतं ते १९८५ लाच संपलं.

लिहिताना एवढं सांभाळा:

*सुरुवात ‘मी’ने करू नका.* ‘मी सातवीत असताना’, ‘माझ्या आयुष्यात’, ‘मला आठवतं’ अशी सुरुवात झाली की पोस्ट आपल्याबद्दलच होत जाते. पहिला शब्द त्याचं नाव किंवा ‘तू’ असू द्या.

*हाक नेहमीचीच ठेवा.* तोंडावर ‘अरे’ म्हणत असाल तर पोस्टमध्येही ‘अरे’. अपवाद एवढाच की मित्र मुख्याध्यापक, सरपंच किंवा अधिकारी असेल आणि त्याचे विद्यार्थी किंवा कर्मचारी यादीत असतील, तर ‘तू’ ठेवा पण शाळेतलं टोपणनाव गाळा. ‘ढब्ब्या’, ‘चष्मिश’, ‘टकल्या’ ही नावं ग्रुपपुरती ठीक.

*मैत्रिणीचं नाव.* शाळेतल्या मैत्रिणीला तुम्ही माहेरच्या आडनावानं ओळखता, तिची आताची माणसं सासरच्या. मजकुरात पहिलंच नाव वापरा, म्हणजे प्रश्न मिटतो. वयाचा आकडा तिनं स्वतः लिहिलेला नसेल तर तुम्हीही लिहू नका. खरं तर पुरुषांच्या बाबतीतही हे पाळायला हरकत नाही.

*लांबी.* आठ-दहा ओळींत बसवा. फेसबुक लांब मजकूर दुमडून ‘आणखी पाहा’ दाखवतं, आणि जी ओळ महत्त्वाची ती बहुधा दुमडलेल्या भागात जाते. म्हणून प्रसंग पहिल्याच ओळीत सुरू झालेला बरा.

*फॉरवर्ड केलेली चारोळी नको.* ती त्याला सकाळपासून सहा जणांनी पाठवलेली असते.

पायरी ६: मोठ्यानं वाचा, मग दुरुस्त करा

मजकूर लिहून झाला की रात्रभर ठेवा. सकाळी मोठ्यानं वाचा. जी ओळ त्याच्यासमोर बसून म्हणताना तुम्हाला अवघडल्यासारखं वाटेल ती काढा.

शुद्धलेखन डोळ्यांखालून घाला. बोलून टाईप करत असाल तर जास्तच. मोबाईल ‘शुभेच्छा’चं ‘शुभेच्या’ करतो, ‘वाढदिवस’मधली पहिली वेलांटी लोक हटकून दीर्घ करतात, आणि ‘हार्दिक’चं ‘हार्दीक’ होतं. गावांची आणि माणसांची नावं मोबाईल सगळ्यात आधी बिघडवतो, ती शेवटी एकदा वेगळी तपासा. नंतर सुधारता येतं हे खरं, पण फेसबुकवर पोस्ट बदलली की आधीचं काय होतं ते पाहणाऱ्याला उघडून बघता येतं, आणि व्हॉट्सॲपचा मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटांतच बदलता येतो.

*तपासा:* मजकुरातलं मित्राचं नाव काढून दुसऱ्या मित्राचं घाला आणि परत वाचा. पोस्ट तरीही जमत असेल तर पायरी ३ वर परत जा.

पायरी ७: आधी फोन, मग पोस्ट

क्रम चुकतो तो इथे. रात्री बाराला पोस्ट टाकायची घाई असते, कारण पहिलं कोण याची शर्यत. साठीच्या माणसाला रात्री बाराला फोनची टिंग नको असते, झोप हवी असते. आणि पोस्ट टाकून झाली की आपल्याला शुभेच्छा दिल्यासारखं वाटतं, फोन दुपारवर जातो, दुपारचा संध्याकाळवर.

सकाळी त्याचा चहा-अंघोळ झाली असेल अशा बेतानं फोन करा. नुसतं ‘हॅपी बर्थडे’ म्हणून ठेवू नका. ज्या गोष्टी पोस्टमध्ये लिहायच्या नाहीत असं ठरवलं, ती पतसंस्थेची सही वगैरे, त्या इथे बोला. शेवटी सांगा, “फेसबुकवर चप्पलचा किस्सा टाकतोय, चालेल ना?” तो नको म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर फोन ठेवल्यावर टाका.

मित्र परदेशात असेल तर घड्याळ बघा. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवसाची दुपार असते, उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात दीड. म्हणजे तुमची बाराची शुभेच्छा तिथे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पोचते. आपल्या संध्याकाळी साडेसहाला उन्हाळ्यात तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात, ती वेळ चांगली. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, तिथे फारसा घोळ होत नाही. सिडनी मात्र आपल्या साडेचार ते साडेपाच तास पुढे. आपण संध्याकाळी निवांत फोन लावतो तेव्हा तिथे माणूस झोपलेला असतो.

पायरी ८: पोस्ट टाकताना

टॅग करताना ॲटचं चिन्ह टाकून नाव लिहिलं की यादी येते. तिथे फोटो बघून निवडा. एकाच नावाची तीन खाती असतात. एक जुनं, पासवर्ड विसरलेलं, एक चालू, आणि कधीकधी एक भामट्यानं काढलेलं बनावट. बनावट खात्याला टॅग केलंत तर तुमच्याच मित्रमंडळींना तिकडे पाठवल्यासारखं होतं.

पोस्ट कुणाला दिसणार ते टाकण्याआधी बघा. ‘मित्र’ ठेवलं तरी टॅग केलेल्या माणसाचे मित्रही ती पाहू शकतात. म्हणजे वाचणारे तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पटही असू शकतात.

*इशारा:* पूर्ण जन्मतारीख सालासकट लिहू नका. हा उगाच घातलेला बागुलबुवा नाही. ई-आधारच्या फाईलचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल असाच असतो, आणि बऱ्याच बँकांच्या स्टेटमेंटचा पासवर्डही नाव आणि जन्मतारीख जोडूनच बनतो. ‘आज बरोबर साठ पूर्ण’ लिहिणं म्हणजे सालच सांगणं आहे. साठीची पोस्ट करायचीच असेल तर ती फक्त मित्रांपुरती ठेवा. आईचं माहेरचं आडनाव, पहिल्या शाळेचं नाव हेही जाहीर पोस्टमध्ये टाळलेलं बरं, सुरक्षेचे प्रश्न म्हणून हीच माहिती विचारली जाते. केकच्या मागच्या टेबलावर एखादा दाखला किंवा आधार कार्ड पडलेलं नाही ना, तेही फोटो मोठा करून बघा.

पायरी ९: त्यानंतरचा दिवस

पोस्ट टाकून फोन बाजूला ठेवू नका, निदान तासभर तरी. कुणीतरी कमेंटमध्ये तुम्ही मुद्दाम गाळलेलाच किस्सा लिहितो, किंवा ‘पार्टी कधी’ची रांग लागते, किंवा एखादा राजकारण घुसडतो. पोस्ट तुमची आहे, नको ती कमेंट काढायचा हक्क तुमचा आहे. काढल्यावर त्या माणसाला खासगीत दोन शब्द सांगा, म्हणजे राग धरत नाही.

ज्यांनी प्रसंगात भर घातली त्यांना उत्तर द्या. ‘धन्यवाद’ सगळ्यांना डकवत बसू नका, ते काम वाढदिवसवाल्याचं. आणि त्यानं लगेच उत्तर दिलं नाही तर ‘पाहिलंस का’ म्हणून मेसेज करू नका. घरात पाहुणे असतील, औक्षण चालू असेल, किंवा तो ती पोस्ट बायकोला वाचून दाखवत असेल.

मित्र फेसबुकवर नसेलच, तर मजकूर छापून घ्या किंवा हातानं लिहा आणि भेटीला जाताना न्या. मोठ्या अक्षरात. साठीनंतर चष्मा शोधण्यात निम्मी मजा जाते.

दिवस हुकला तर

हुकतोच कधीतरी. अशा वेळी जाहीर पोस्ट टाकून त्यात ‘उशिरा का होईना’ची माफी मागत बसू नका. ती वाचून लोक तुमची समजूत घालतात आणि मित्र बाजूला राहतो. आठवेल त्याच दिवशी फोन करा, “काल राहून गेलं रे,” एवढं म्हणा आणि बोलायला लागा. प्रसंग लिहून तयार असेल तर तो वाया जात नाही. तिथीनं वाढदिवस अजून यायचा असेल तर त्या दिवशी टाका. १ जूनवाला मित्र असेल तर त्याच्या घरी विचारा, खरा दिवस बहुधा पुढेच असतो.